भरलेल्या माठांचं दुखणं

तौंबो गावातल्या मोठ्या चिंचेखाली दॉ न्युं यीची पाणपोई आहे. ताडाच्या झावळ्यांचं छप्पर, खाली फळीवर मातीचे माठ, माठांच्या बुडाशी ओली वाळू आणि झाकणावर पालथा घातलेला पत्र्याचा पेला. आडव्या वाशावर तिच्या गेलेल्या नवऱ्याचं नाव रंगवलेलं आहे. पखोक्कूहून मंडालेला जाणारी बस तिथेच थांबते, कारण ड्रायव्हरलाही तहान लागते.

गाव तिला दॉजी म्हणतं, म्हणजे मोठी मावशी. नवरा गेला तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली होती. विहारातले म्हातारे भिक्खू दारात येऊन एवढंच म्हणाले, "त्याच्या नावाने कुणाला तरी पाणी पाज." तिने चिडूनच पहिला माठ मांडला. पण वाटसरूंच्या घशाखाली पाणी उतरू लागलं, तसा हळूहळू तिच्याही घशाखाली भात उतरू लागला. पुढे माठ वाढत गेले.

सकाळी उठायचं, काथ्याने माठांचं शेवाळ घासायचं, खांद्यावर कावड घेऊन तळ्यावरून पाणी आणायचं. माठ भरले की पेलाभर पाणी थेंब थेंब मातीवर सोडायचं आणि हाक द्यायची, "पुण्याचा वाटा घ्या हो! घ्या वाटा!" ज्याच्या कानावर हाक पडेल त्याने "साधू" म्हणायचं, की त्यालाही वाटा मिळाला आणि देणाऱ्याचा कमी झाला नाही. पहिलं उत्तर बहुतेक वेळा आभाळातून येई. गावातला फो लं तेव्हा ताडी काढायला झाडाच्या शेंड्यावर असे.

"साधू! साधू! साधू!"

"हात जोडू नकोस रे वर! पडशील!"

"पडलो तर तुमच्याच पुण्यावर पडेन, दॉजी! मऊ लागेल!"

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी तळ्याच्या पायरीवर दॉजीचा पाय मुरगळला. घोटा भोपळ्यासारखा सुजला. नव्या वर्षाचा पाणी उडवायचा सण तिने खाटेवरूनच ऐकला. सूज उतरली तशी ती पहाटे उठली, काथ्या घेतला आणि लंगडत चिंचेखाली गेली. माठ काठोकाठ भरलेले होते. घासलेलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी ती आणखी लवकर गेली, तरी तेच. त्यानंतरही रोज तेच.

कोण भरतं, हे तिने विचारलं नाही. दुसऱ्याने केलेलं पुण्य 'माझं मला परत दे' म्हणून कसं मागायचं? आणि भरणाराही बोलला नाही, कारण दिल्याचं बोलून दाखवलं की त्याचा कस जातो, असं तिथे सगळेच मानतात. भर उन्हाळ्यात माठ ओतून देणं तर पापच. दॉजी काथ्या तसाच कोरडा घेऊन घरी परतली. हाकही तिने बंद केली. जे केलंच नाही, त्याचा वाटा कसा देणार?

शेंड्यावर फो लं कान देऊन थांबे. हाक येत नसे. "बिचारीचा आवाजही थकला," तो बायकोला म्हणाला. "बरं झालं आपण पाणी भरतो ते."

दॉजी खरंच थकत चालली. कधी न दुखलेले गुडघे दुखू लागले. समोरची नूडल्सची वाटी तशीच गार होई. उन्हं अंगावर आली तरी ती चटईवरून उठत नसे. शेजारणी सूप पाठवत, ते ती मांजराला घाली. मांजर मात्र चांगलं गरगरीत झालं.

शेवटी मंडालेहून मुलगी आली. विन मा शिवणाच्या कारखान्यात मुकादम होती, बोलणं कात्रीसारखं. तिने आईला दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही.

"काही नाही सापडलं म्हणजे वय सापडलं," विन मा म्हणाली. "आता माझ्याकडे चल. पंखा आहे, नळ आहे. काडी हलवायची नाही तुला."

"काडी हलवायची नाही," दॉजी पुटपुटली. "मग मी तिथे करू काय?"

"आराम!"

"तोच करतेय की. त्यानेच तर मरायला टेकले."

पण भांडायचंही त्राण नव्हतं. पिशवी भरली गेली. माय-लेकी चिंचेखाली बसची वाट बघत बसल्या. नवऱ्याच्या नावाकडे बघायला नको म्हणून दॉजी रस्त्याकडे तोंड करून बसली.

तेवढ्यात पॅगोड्याला निघालेल्या यात्रेकरूंचा ट्रक थांबला. माणसं भराभर उतरली आणि माठांवर तुटून पडली. सगळ्यांत शेवटी एक म्हातारी आली. तिने पेला माठात घातला, तो बुडावर खडखडला. दुसऱ्यात घातला, तिथेही तेच. म्हातारीने तक्रार केली नाही. पेला पालथा ठेवला आणि ओठ पुसले.

दॉजी उठली.

"आई, पाय! बस येईल!"

"येऊ दे." कावड मांडवाच्या मागे टेकवलेली होती. दॉजीने दोन्ही घागरी अर्ध्याच भरायचं ठरवलं आणि तळ्याची वाट धरली, पायरी पायरी चाचपत. परतली तेव्हा पोलक्याची पाठ घामाने चिकटली होती. म्हातारी पाणी प्यायली, पुन्हा मागून प्यायली. दॉजीने पेल्यात उरलेलं पाणी थेंब थेंब मातीवर सोडलं आणि हाक दिली. आवाज आधी चिरकला, मग मोकळा झाला. "पुण्याचा वाटा घ्या हो! घ्या वाटा!"

"साधू," म्हातारी म्हणाली. ट्रकमधूनही उत्तर आलं.

दॉजी खाली टेकली. "विन मा, त्या डब्यात काय आहे गं?"

"चिकट भात. का?"

"दे की मग! भूक लागलीय."

विन मा डबा हातात धरून आईला जेवताना बघत राहिली. कात्री मिटली होती.

हाक ऐकून फो लं शेतातून धावतच आला. ट्रक बघून भरलेली त्याची स्वतःची कावड खांद्यावर होती, पाणी हिंदकळत होतं. दॉजीने भाताचा घास तोंडात तसाच ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

"तू होतास होय रे चोरा! माझं पुण्य चोरत होतास!"

"अहो दॉजी, तुमचा पाय..."

"पाय दुखत होता. हातांना काय धाड भरली होती?"

फो लंने मान खाली घातली. "मला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"तुला वाटलं ना बरं? रोज पहाटे?"

त्याने जरा विचार केला. "फारच बरं वाटलं," तो लाजत म्हणाला.

दॉजीला हसू फुटलं. "मग तेच. तुला लागतं, तसं मलाही लागतं. असं कर, पाणी तू इथवर आण. पायऱ्या तुझ्या. घासणं, भरणं आणि हाक देणं माझं."

"आणि माझा वाटा?"

"हाक देते ना! हावरटा, आणखी काय हवंय?"

बस आली. कंडक्टर आधी पाणी प्यायला, मग पिशवी उचलायला वाकला. विन माने ती पायाने मागे सरकवली.

"ती नको. मी एकटीच आहे." मग आईकडे वळून ती म्हणाली, "पण दर आठवड्याला फोन करायचा. आणि पायरीवर पाय ठेवलास तर बघ."

"बरं, मुकादमबाई."

बस हलली. दॉजीने फो लंच्या कावडीतली घागर ओढून घेतली आणि माठ भरायला घेतला. हाक तिने जरा जास्तच मोठ्याने दिली. बसच्या खिडकीतून विन माचे जोडलेले हात बाहेर आले, आणि धुरळ्यातून तिचा आवाज ऐकू आला.

"साधू! साधू! साधू!"