साठ शितं, दोन टोप

साकीनाक्याच्या एका प्रयोगशाळेत तेजल वाघमारे मातीतल्या जिवाणूंचे आकडे तपासते. अकरा वर्षं ती प्रत्येकाला एकच सांगतेय, आकडे घेऊन येऊ नका, खणायला निघण्याआधी या. कोणी येत नाही.

गेल्या आठवड्यात खाडीकाठच्या झाडांचा अभ्यास करणाऱ्या चैतन्य सरांनी साठ नळ्यांतल्या मातीचे आकडे पाठवले. नव्याने लावलेल्या तिवरांच्या झाडांखालचे जिवाणू मोकळ्या मातीतल्यांपेक्षा वेगळे आहेत, एवढं त्यांना सिद्ध करून हवं होतं.

"खड्डे किती खणले, सर?" तेजलने फोनवर विचारलं.

"दोन. तिवरांत एक, मोकळ्यावर एक. प्रत्येकातून तीस नळ्या. शितावरून भाताची परीक्षा होते ना?"

"एकाच टोपातल्या भाताची होते. तुम्ही दोन टोपांतून साठ शितं काढलीत आणि मला विचारताय, अख्ख्या चाळीचा भात शिजला का. हे साठ नमुने नाहीत, सर. दोन आहेत."

"मग एखादी चाचणी लाव ना. एवढी सॉफ्टवेअरं आहेत तुझ्याकडे."

"सॉफ्टवेअर खड्डे खणत नाही, सर."

चार दिवसांनी सरांचा पुन्हा फोन आला. स्वारी खुशीत होती. "तुझं ऐकलं गं. आता दोनशे नळ्या भरल्यात."

"आणि खड्डे?"

"तेच की. आयते होते ना."