कुंदाचा गडगडता डबा

कुंदाला शाळेने फसवलं आणि त्यात मी सामील होते. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी माझ्याबद्दल भलताच चांगला समज करून घेणार नाही.

मे महिन्यात ती गेली तेव्हा मी घोटीला एका दूधवाल्याच्या ओट्यावर बसून भांडत होते. अंबडला माझा आईस्क्रीमचा छोटा कारखाना आहे आणि उन्हाळ्यात दुधासाठी मी कोणाशीही भांडते. समोर ठेवलेल्या फोनवर कुंदाच्या मुलीचं, प्रज्ञाचं नाव दोनदा आलं, दोन्ही वेळा मी फोन कापला. सौदा अगदी तुटायच्या टोकाला आला होता आणि अशा वेळी मी फोन घेत नाही, ही माझी जुनी सवय. तिसऱ्यांदा उचलला तो ओरडायलाच. पलीकडून प्रज्ञा म्हणाली, "मावशी, आई गेली. सकाळी चहा घेतला, उठली आणि..." पुढचं मला ऐकू आलं नाही. माझा चेहरा बघून दूधवाल्याने तांब्या पुढे केला. "ताई, तुमचाच भाव ऱ्हाऊ द्या. आधी पाणी प्या." जिंकलेला सौदा तिथेच टाकून मी आयुष्यात पहिल्यांदा निघाले.

कुंदा सिडकोतल्या एका शाळेत बालवाडीची बाई होती. आमची घरं एकाच ओळीत. तीस वर्षांपूर्वी मी घरी कुल्फी करून विकायचे. नवरा नव्हता, भांडवल नव्हतं, होती ती फक्त जीभ. एका दुपारी ही बाई दारात येऊन उभी राहिली. "बर्फ पाहिजे. आणि मूठभर जाडं मीठ."

"फुकट देत नाही," मी म्हणाले.

"फुकट कोण मागतंय? गिऱ्हाईक देते तुला. बावीस."

"कोण बावीस?"

"सगळे चार वर्षांचे. पण भाव करण्यात तुला ऐकणार नाहीत, सांगून ठेवते."

मला राग आला आणि हसूही आलं. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून मी तिच्याबरोबर गेले, ती त्यानंतर दर उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागायच्या आधीच्या शनिवारी जातच राहिले.

वर्गात तिने आईस्क्रीमचं दुकान मांडलेलं असायचं. जुन्या लग्नपत्रिका गुंडाळून केलेले कोन, त्यावर रंगीत चिंध्यांचे घट्ट गोळे. अंगणातल्या बदामाच्या झाडाची पडलेली पानं म्हणजे नोटा, लाल पान मोठं आणि हिरवं लहान. अर्धी मुलं दुकानदार, अर्धी गिऱ्हाइकं, मग अदलाबदल. भाव केल्याशिवाय घ्यायचं नाही हा नियम आणि सर्वांत शेवटचं गिऱ्हाईक मी. पहिल्या वर्षी दोन वेण्या घातलेली एक मुलगी कमरेवर हात ठेवून बसली होती. मी म्हणाले, "दोन हिरव्या पानांत दे." ती म्हणाली, "नाही परवडत, काकू." मी म्हणाले, "मग राहू दे," आणि पाठ फिरवली. मोठमोठे व्यापारी या पाठीला घाबरून हाका मारतात. तिने हाक मारली नाही. म्हणाली, "बरं, पुढे व्हा, मागे लाईन आहे." कुंदा खिडकीशी पदर तोंडाला लावून हसत होती. मला लाल पान देऊन चिंधीचा गोळा विकत घ्यावा लागला.

दुकान संपलं की डबा निघायचा. खरं आईस्क्रीम त्यातच व्हायचं. लहान डब्यात आटवून गार केलेलं दूध, साखर आणि मुलांनीच हाताने कुसकरलेले चिकू. कधी द्राक्षं. हा लहान डबा मोठ्या डब्यात ठेवायचा आणि मधल्या जागेत बर्फ आणि जाडं मीठ भरायचं. दोन्ही झाकणांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधायची, वरून जुना टॉवेल गुंडाळायचा. मग मुलं दोन ओळींत समोरासमोर पाय पसरून बसायची आणि डबा फरशीवरून इकडून तिकडे ढकलायची. गडगड, गडगड... अर्धा तास तरी. आत काय चाललंय ते दिसायचं नाही आणि झाकण उघडून बघायला सक्त मनाई. बघायचं नाही, ऐकायचं. थोड्या थोड्या वेळाने कुंदा डबा थांबवायची, एकेक मूल पालथं पडून कान लावायचं. कान गार पडायचे, मुलं शहारायची. "काय म्हणतोय?" कुंदा विचारायची. "खळखळतोय!" मग पुन्हा गडगड. शेवटी कोणीतरी डोकं वर करून हळूच म्हणायचं, "बाई, गप्प झाला." तेव्हाच झाकण निघायचं.

एका वर्षी मी घाई केली. कारखान्याची जागा बघायला जायचं होतं. कुंदा मुलांचे हात धुवायला गेली तेवढ्यात मी ट्यूब सोडून बोटाने चव बघितली आणि झाकण कसंतरी परत बसवलं. मिठाचं पाणी आत गेलं. वाट्या भरल्या, मुलांनी पहिला घास घेतला आणि तोंडं वाकडी केली. एकानेही थुंकलं नाही. कुंदाने स्वतः चाखून विचारलं, "खारं झालं. का झालं असेल?" एका मुलाने चमचा माझ्याकडे रोखला. "काकूंनी घाई केली." ती रागावली नाही. म्हणाली, "हे समुद्राचं आईस्क्रीम. समुद्र पाहिलाय का कोणी?" आणि तासभर समुद्रच चालला. मला मात्र वाटलं होतं, आता ही मला सगळ्यांसमोर बोलणार.

कारखाना वाढला. शाळेतही नवे लोक आले, शाखा तीन झाल्या. आठ वर्षांपूर्वी तिथल्या सेक्रेटरींनी मला बोलावलं. त्यांना 'आईस्क्रीम डे' करायचा होता, छापील कप, फुगे, फोटो. मला त्यांच्या तिन्ही कँटीनमध्ये माझा फ्रीज हवा होता. तीन तास आम्ही बसलो. फ्रीज कुठे ठेवायचा, वीज कोणाची, शेजारी दुसऱ्याचा माल ठेवायचा की नाही, एकेका ओळीवर मी टेबल ठोकलं आणि सगळं माझ्या मनासारखं करून घेतलं. उठता उठता ते म्हणाले, "ते डब्याचं आता बंद करू. फरशी ओली होते, पालक कुरकुर करतात. कुंदाबाईंना सांगतो, यंदा फरशीचं काम आहे, पुढच्या वर्षी करा." मी विचारलं, "पुढच्या वर्षी खरंच करणार?" ते नुसते हसले. मला कळलं. आणि मी सही केली. भाजीच्या जुडीसाठी अर्धा तास घालवणारी बाई मी. कुंदाच्या एका शनिवारसाठी मी एक वाक्यही बोलले नाही.

पुढच्या वर्षी ती डबा घासून, नवीन ट्यूब कापून घेऊन आली. तिला कपांचा ट्रे धरून उभं केलं, फोटो काढले. मुलांनी दोन मिनिटांत कप संपवले आणि धावत निघून गेली. तिने डबा पिशवीत परत ठेवला आणि मला म्हणाली, "निमे, कप छान आहेत गं तुझे. पण यात ऐकायला काही नाही." मी चिडले. "जग कुठे चाललंय आणि तू डबे लोळवत बसलीयेस!" ती म्हणाली, "असू दे. आता पुढच्या वर्षी करू म्हणालेत ते." त्याच क्षणी तिला खरं सांगता आलं असतं. मी कपांची खोकी मोजायला निघून गेले.

निवृत्त होईपर्यंत दर वर्षी तिने विचारलं आणि दर वर्षी तिला तेच उत्तर मिळालं. ती ते खरं मानत होती की मला आणि सेक्रेटरींना लाज वाटायची संधी देत होती, हे मला आजही सांगता येत नाही... एप्रिलमध्ये शेवटची भेटले तेव्हा चार वर्षांची नात तन्वी तिच्या मांडीवर होती. "निमे, बर्फ घेऊन ये एकदा. हिच्याबरोबर करू." मी म्हणाले, "आता सीझन आहे गं, जूनमध्ये नक्की." ती म्हणाली, "बरं, जूनमध्ये." शाळेचंच ते 'पुढच्या वर्षी' माझ्या तोंडून निघालं, आणि मला ते ऐकू आलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बुद्धवंदना झाल्यावर प्रज्ञाने आतून पिशवी आणून माझ्या हातात दिली. डबा, ट्यूबची पट्टी, टॉवेल. "आई म्हणायची, हे मावशीचं. बर्फ तिचा असतो."

जूनमध्ये शाळा उघडली आणि फाटकावर फ्लेक्स लागला. ट्रे धरलेली कुंदा आणि खाली 'आईस्क्रीम डेच्या जनक, उपक्रमशील शिक्षिका'. मी तशीच ऑफिसात गेले आणि दारातूनच आवाज चढवला. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "ताई, आम्ही तर सन्मानच केलाय. आणि तेव्हा तुम्हीही इथेच बसला होता ना?" बसले होते. बाहेर येऊन माणसं बोलावली आणि तिन्ही फ्रीज उचलायला लावले. त्याने काही भरून निघत नाही, हेही मला कळतं.

गेल्या रविवारी बर्फ घेऊन प्रज्ञाकडे गेले. तन्वी समोर पाय पसरून बसली, आम्ही डबा गडगडवला. तिने कान लावला आणि विचारलं, "आजी, गप्प झाला म्हणजे कसा वाटतो?" मी पालथी पडून कान लावला. मला सांगता येईना. इतकी वर्षं बर्फ मी वाहिला, पण एकदाही कान लावला नव्हता. अंदाजाने उघडला. आत पातळ गोड दूध. तन्वी म्हणाली, "झालंच नाहीये." ते आम्ही वाटीने प्यायलो.

सेक्रेटरीसाहेब, माझं उत्तर मी वर लिहिलं आहे, काही न लपवता. आता तुमचं द्या. ऑफिसात नको, बालवाडीच्या वर्गात, त्या फरशीवर, मुलांसमोर. मी शेजारी उभी राहीन. कुंदाला दर वर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणालात, ते वर्ष कोणतं होतं?