लाटणं थांबलं की विनोद पास

भाऊजींचा कुठलाही नवा विनोद आधी माझ्या लाटण्यापुढे हजर व्हायचा. ते आमच्या ह्यांचे मित्र, लंडनच्या हाउन्सलो भागात आमच्या मागच्याच रस्त्यावर राहणारे, पबच्या माळ्यावर इंग्रजीत विनोद सांगून पोट भरणारे. मी कामावरून येऊन पोळ्यांना लागले, की भाऊजी फ्रिजला टेकून सुरू. मी सहसा हसत नाही, त्यामुळे माझ्या तोंडाकडे ते बघतच नसत. "लाटणं थांबलं की विनोद पास, वहिनी." बहुतेक विनोद नापास व्हायचे आणि भाऊजी गरम पोळी खाऊन घरी जायचे.

शांतता त्यांना सोसायची नाही. क्रिमेटोरियममध्येसुद्धा ते एकदा शेजारच्याच्या कानात काहीतरी पुटपुटले. तो बिचारा रुमालात तोंड खुपसून बसला. लोकांना वाटलं, रडतोय.

पन्नाशी आली तसे ते थकले. शेवटची ट्रेन, गार चिप्स, पिऊन ओरडणारी माणसं. "आता मी लिहितो, उभं दुसऱ्यांनी राहावं," म्हणाले आणि वडिलांवर नाटक लिहिलं. वडील विमानतळावर सामान चढवायचे. रिटायर झाल्यावर विसरायला लागले, तरी रोज सकाळी कामाचं पिवळं जॅकेट घालून बसस्टॉपवर जाऊन बसायचे. नाटकात मुलगा त्यांच्या शेजारी येऊन बसतो. बस येते, निघून जाते. कोणी बोलत नाही. भाऊजींनी हा प्रवेश वाचला तेव्हा माझं लाटणं थांबलं.

"पण यात विनोद नाहीये," ते घाबरून म्हणाले.

"नसू दे. तव्यावरची करपली बघा."

एडिनबराच्या नाट्यमहोत्सवातल्या प्रयोगाला मी गेले होते. त्या प्रवेशाला सगळं थिएटर गप्प. भाऊजी मागे भिंतीला टेकून घामाघूम. बाहेर आल्यावर म्हणाले, "मेलो, वहिनी. उद्या तिथे एक जोक टाकतो."

"लोक ऐकत होते, भाऊजी. हात लावू नका."

नाही लावला. नाटक चाललं आणि टीव्हीवाल्यांनी त्याची पटकथा मागितली. मग मीटिंगा आणि मसुद्यावर मसुदे. ते येऊन फ्रिजला टेकायचे, पण वाचायचे काही नाहीत.

"त्यांना बसस्टॉपवर गंमत हवीये. खूप भांडलो. दमलो हो आता."

"दमलात तर झोपा. सही करू नका."

त्यांनी सही केली. मग इथलं घर विकून एडिनबरालाच राहायला गेले. म्हणाले, तिथली माणसं नीट गप्प बसतात.

फिल्म लागली त्या संध्याकाळी मी ओट्याशीच पोळ्या लाटत होते, टीव्ही दिसेल अशी. बसस्टॉपवर वडील उठतात आणि बसच्या ड्रायव्हरकडे पासपोर्ट मागतात. घरातले सगळे हसले. विनोद बरा होता.

फिल्म संपता संपता फोन आला. "वहिनी, बसस्टॉपला लाटणं थांबलं?"

"नाही."

पलीकडून काहीच आलं नाही. आता काहीतरी बोलून उडवून लावतील म्हणून मी वाट पाहिली. ते बोलले नाहीत, फोनही ठेवला नाही. मी गॅस बंद केला आणि फोन कानाशी धरून तशीच उभी राहिले.