काळजाची उपासमार

नगरला हृदयरोगाच्या डॉक्टरांकडे वडिलांना घेऊन गेलो होतो, तिथे मिरजगावची एक म्हातारी दिसली. समोरच्या बाकावर बसलेल्या नवऱ्याच्या सुजलेल्या पायावर ती अंगठा दाबायची आणि पडलेला खळगा भरेपर्यंत बघत राहायची. नंबर लागल्यावर त्याचे रिपोर्ट घेऊन ती एकटीच आत गेली. बाहेर आली ती माझ्याशेजारी टेकली आणि हळूच म्हणाली, "काळजाचं खानं म्हंजी चरबी, ती रक्तात हाय म्हनले डाक्टर, पन ती काळजाच्या आत न्हेनारं द्रव्यच कमी पडलंय. म्या इचारलं, वरून देता यील का? तर म्हनले, दिलं तरी काळीज आत घेत न्हाई. जलमभर जेवू घातलं ह्यांना, दादा. आता समदं असून काळीज उपाशी मरतंय."

"काय म्हनले गं?" नवऱ्याने धापा टाकत विचारलं.

ती उठून त्याच्याजवळ गेली. "चांगलं खाऊ घाला म्हनले," असं म्हणत तिने डबा उघडला.