लगीन झालं की थांबतंय

शाळेची घंटा बडवताना मावशींचा डावा हात नेहमी कमरेवर असे, मूठ आवळलेली. मुली त्यांची नक्कल करत. आम्ही शिक्षिकाही हसत असू. तुम्हीही हसला असता.

त्या गडमुडशिंगीहून कोल्हापुरातल्या आमच्या मुलींच्या शाळेत यायच्या, शिपाई म्हणून. पाळीच्या दुखण्यानं एखादी मुलगी मैदानात खाली बसली की मी, कवायतीची बाई, "नाटकं पुरेत" म्हणे. मावशी तिला घंटेमागच्या खोलीत चटईवर निजवत, ओवा चघळायला देत आणि ठणकावून सांगत, "भिऊ नको गं. लगीन झालं की थांबतंय."

एकदा मी विचारलं, "तुमचं थांबलं का?"

"माझं?" त्या मोठ्यानं हसल्या. "लगीन झाल्यावर लोकं म्हनली, पोर झालं की थांबतंय. पोर झालंच न्हाय. मग त्यानं दुसरी आणली. आता म्हनत्यात, पाळी गेली की थांबतंय."

दोन हजार तीन-चारच्या सुमारास त्यांचं ऑपरेशन झालं. गर्भपिशवीच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर वाढत गेलं होतं, आतडी चिकटली होती. पिशवी काढावी लागली. कामावर आल्या त्या थेट माझ्याकडे. 'एंडोमेट्रिओसिस' हे नाव त्यांनी चिठ्ठीवर लिहून आणलं होतं.

"डॉक्टरीण म्हनली, लई बायकांना असतंय ह्ये. शाळंतल्या पोरींनाबी. मग मी इतकी वर्सं पोरींना काय सांगत बसलो वो बाई?"

आणि त्या रडल्या. तीस वर्षं पोटात कळा सोसलेली बाई त्या दिवशी रडली.

त्यानंतर त्या फाटकाशी आयांना गाठू लागल्या. "पोरीला दाखवा. दर म्हैन्याला लोळतीया ती." आया भडकल्या. उद्या लग्न व्हायच्या मुलीला असल्या डॉक्टरकडे नेऊन बोभाटा करायचा काय? तक्रार आली, मीटिंग झाली. शिपायानं शिपायाचं काम करावं, असं ठरलं. मीटिंगला बसलेल्यांत खरं काय ते फक्त मला माहीत होतं. मी चहा प्याले, बिस्किटासकट. मावशींची लांबच्या शाळेत बदली झाली. ऑपरेशननंतर त्यांना एस.टी.चे धक्के सोसत नव्हते. त्यांनी नोकरी सोडली.

जूनपासून घंटा विजेवर वाजू लागली. त्याच महिन्यात नववीतली एक मुलगी मैदानात पोट धरून बसली. या वेळी मी जवळ गेले, पाठीवर हात ठेवला आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं, "लग्न झालं की थांबतं गं."

तिनं मान वर केली. "पण मावशी तर दाखवून घे म्हणत होत्या. त्या कुठं गेल्या वो बाई?"