पेरूच्या झाडाला पानं शिल्लक होती

यंदाच्या ऑगस्टच्या बारा तारखेला, मंगळवारी, वर्ध्याच्या कॉलेजात प्राचार्यांच्या खोलीत आम्ही चौघे बसलो होतो: प्राचार्य, मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर बाई, माझी मुलगी आणि मी. दंड होता पाचशे रुपये. तो मी तिथेच काढून दिला असता. पण आवारात बिडी-सिगारेट ओढणाऱ्याची वसतिगृहातली जागाही वर्षभरासाठी जाते, आणि ती जागा आम्हाला हवी होती. मुलीचे प्रॅक्टिकल संध्याकाळी सहाला सुटतात आणि आमचं घर बसनं जायच्या अंतरावर, सेलूला.

टेबलावर तिची ई-सिगारेट ठेवली होती. जांभळी, बोटाएवढी. अभ्यासिकेत चार्जिंगला लावलेली बाईंना सापडली. आधी त्यांना तो पेनड्राइव्ह वाटला होता.

त्या खोलीच्या खिडकीतून पेरूचं झाड दिसतं.

मुलींचं हे वसतिगृह आमच्या वेळी मुलांचं होतं. आजचे प्राचार्य तेव्हा माझ्याच खोलीत राहायचे; खोलीत आम्ही चौघं. मेसचं जेवण झालं की तो आणि खोलीतला आणखी एक जण गेटबाहेरच्या पानठेल्यावर जात. ठेल्याच्या खांबाला सुंभाची जळती दोरी टांगलेली असे, तिच्यावर बिडी पेटवायची. नऊला हजेरी. आमचे रेक्टर सर नाव पुकारून झालं की प्रत्येकाला तोंडानं ‘हा’ करायला लावत. म्हणून परतताना पेरूची पानं चघळायची. मला बिडी कधी मानवली नाही, पण पानं मीही चघळली. आमच्या खोलीचा तो रिवाजच होता. चौघांच्याही तोंडाला पेरूचा वास असला की बिडीवाले कोणते, ते सरांना उमगत नसे. जीभ तुरट होऊन जाई. लाइट गेली की अंधारात कोणीतरी उगाचच ‘हा’ करी आणि मग आम्ही हसत सुटायचो.

हात पोचेल तिथवर त्या झाडाला पान राहत नसे. वर हिरवंगार, खाली नुसत्या काड्या. पुढे पुढे सरांनी तोंडाचा वास घेणं सोडूनच दिलं. झाडाकडे पाहून म्हणत, या महिन्यात बिडीचा जोर दिसतो. तो पेरू अजूनही जिभेवर आहे, फळाचा नव्हे, पानाचा.

मागच्या वर्षी कॉलेजच्या शिस्त समितीत रेक्टर बाईंनी सुचवलं होतं की नियमात ई-सिगारेटचंही नाव घालावं. पालकांच्या वतीनं त्या समितीवर मी आहे. प्राचार्यांनी आणि मी एकाच वेळी खिडकीबाहेर पाहिलं. झाडाला पार खालपर्यंत पानं होती. मी म्हटलं, या वस्तूच्या विक्रीवर देशभर बंदी आहे, आणि इथे तर आता कोणी बिडीही ओढत नाही. कशाला शब्द वाढवायचे? बाईंनी विचारलं, झाड पाहून नियम ठरवायचे का? आम्ही दोघं हसलो आणि विषय तिथेच राहिला.

नियमातली तीच पळवाट आता उघडी राहिली होती. चारचौघांत प्राचार्य मला तुम्ही म्हणतात, त्या दिवशी विसरले.

“नियमात बिडी न् सिगारेट लिहेल आहे,” तो म्हणाला. “हे नाई लिहेल. तू म्हणशीन तर आज सोडून देतो.”

मी मुलीकडे पाहिलं. झाडाची गोष्ट तिनं लहानपणापासून माझ्याकडून ऐकलेली.

“याचा वास स्ट्रॉबेरीचा येते, बाबा,” ती खाली पाहून म्हणाली. “पानं कायले खाऊ?”

खोलीतल्या पोरींना माहीत होतं का, असं मी विचारलं.

“नाई. कोणालेच नाई.”

मग तिनंच सांगितलं. दिवाळीपासून चालू होतं, रात्री पांघरुणात. ओढायला मिळालं नाही की डोकं दुखतं, पुस्तकात लक्ष लागत नाही.

धूर नाही म्हणून मी ती वस्तू निराळी समजत होतो. सवय तीच, फक्त आम्हाला दिसेल अशी खूण मागे राहत नव्हती. मी म्हटलं, बाई मागच्या वर्षी बरोबर होत्या, नियमात हे लिहून घ्या. आणि माझ्याच नकारामुळे माझ्याच पोरीची जागा वाचली असं व्हायला नको, तिला नियम लावा.

प्राचार्य खुर्चीत पुढे सरकले.

“तीन वर्षं माझ्यासाठी पानं चघळली तू,” तो म्हणाला. “अन् पोरीच्या वेळेस असा?”

“तेव्हा आपण चौघं होतो,” मी म्हटलं. “हे एकटी आहे. घरी राहू दे माझ्याजवळ.”

वसतिगृहातली जागा गेली. मुलगी रडली. बसस्टँडपर्यंत माझ्याशी बोलली नाही, बसमध्ये पवनार मागे पडलं तरी खिडकीबाहेरच पाहत होती. त्या घडीला मी चुकलो की काय असं मलाही वाटून गेलं.

पुढच्या बैठकीत नियमात ई-सिगारेट आली. मुलीची सुटली असं मी लिहिणार नाही. कमी झाली असं ती म्हणते. परवा संध्याकाळी तिनं बॅगेतून पेरूची चार पानं काढून ताटाशेजारी ठेवली. तोंडात काही हवंसं वाटलं की चघळते, म्हणाली. कॉलेजातल्या त्याच झाडाच्या खालच्या फांदीची होती. एक मीही घेतलं.

दंडाचे पाचशे त्या मंगळवारीच कॉलेजच्या काउंटरवर बाबूकडे भरले, पावती घेतली. वसतिगृहासाठी जूनमध्ये पुन्हा अर्ज करता येईल. तोवर सकाळच्या बसमध्ये बायकांच्या अर्ध्या तिकिटाचे पैसे ती रोज कंडक्टरला देते.