शिकागोचा फोन

"श्वास आत घे. अजून. आता सोडू नकोस."

हिमानीने माझ्या कमरेशी नऊवारीच्या काठात एक चिंचोका ठेवला, त्याच्याभोवती कापड वळवलं आणि गाठ अशी आवळली की माझ्या तोंडून 'आई गं' निघालं.

"व्हिडिओत आवाज नको, राधिका."

"जीव गेला तर चालेल?"

"चालेल. आवाज नको."

बॉथेल गावातल्या एका घराच्या बेसमेंटमध्ये तिची खोली. तिथे मी तिची बिनपगारी मॉडेल. नाटकात नऊवारी बरीच नेसले होते, पण हिने नेसवली की वेगळंच वाटायचं. गाठ मारून झाली की म्हणायची, "पळून बघ. नऊवारीत पळता येतं, तीच तर गंमत आहे." आणि मी त्या दहा पावलांच्या खोलीत काष्टा सांभाळत पळायचे.

तिच्या व्हिडिओंत फक्त हात दिसायचे. चेहरा नाही, आवाज नाही, खिडकीसुद्धा नाही. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना वाटायचं, पोरगी लाजाळू आहे. लग्न असो, मुंज असो, नेसवायला हिमानीच. आणि कुणी विचारलंच, "मिस्टर कुठे असतात गं?" तर दातात पिन धरून तिचं ठरलेलं उत्तर यायचं. "शिकागोला. प्रोजेक्टवर."

इथल्या मराठी माणसाला तेवढं पुरतं. प्रोजेक्ट म्हटलं की पुढे कुणी खोदत नाही.

खरं काय ते फक्त मला माहीत होतं. एकदा गाडीत, समोरच्या वायपरकडे बघत तिने सांगितलं होतं. मिहीरने, तिच्या नवऱ्याने, शिकागोच्या घरी तिचा गळा धरला होता. सासूबाई दारात उभ्या होत्या. ती पिशवी घेऊन निघाली, कोर्टात गेली, त्याने तिच्याजवळ यायचं नाही, कुणाकरवी निरोपही धाडायचा नाही असा आदेश मिळवला. कुठल्या गावात आली ते मात्र त्याला कळू दिलं नाही.

"आदेश आहे ना मग?" मी विचारलं होतं.

"कागद आहे गं. कागदाला कडी लावता येत नाही."

तर त्या दुपारी गाठ बसली, निऱ्या झाल्या, आणि जिन्यावरून धडधडत निमिष उतरला. वरच्या मजल्यावर राहणारा नागपूरचा मुलगा. रेडमंडला सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो आणि हिमानीला ताई म्हणतो. हातात उघडा लॅपटॉप.

"ताई, डोळे मिटा. सरप्राइज."

तिचं पेज वाढवायचं काम त्याने हौसेने अंगावर घेतलं होतं. त्यासाठी त्याने क्लाउडवर फोन भाड्याने घेतले होते. सुरुवातीला मला काही कळेना, तेव्हा तोच म्हणाला होता, "यार, खरेच फोन समज. पण ते कुठल्यातरी सर्व्हरवर आहेत, इथे फक्त त्यांच्या स्क्रीन दिसतात. प्रत्येकात ताईंचं एक अकाउंट. सांगायचं, या मंडळाच्या पेजवर जे जे आहेत त्यांना फॉलो कर. मग तो करत बसतो. हळूहळू, माणसासारखा, मध्येच कुणाला लाइक देत. लोक बघतात, ही कोण बुवा, आणि उलट फॉलो करतात."

"ॲपवाल्या कंपनीला चालतं हे?"

"कळलं तर नाही चालणार."

लॅपटॉपवर ओळीने फोनच्या स्क्रीन. बोट कुणाचं नाही, तरी सगळ्या सरकतायत, थांबतायत, कुणाच्या फोटोवर लाल हृदय उमटवून पुढे जातायत. पहिल्यांदा बघताना माझ्या अंगावर काटा आला होता. हिमानी तेव्हा म्हणाली होती, "अंगात आल्यासारखं दिसतं. पण गिऱ्हाइकं येतात बाई." तिने एकच अट घातली होती, आसपासचीच माणसं. का, ते सांगितलं नव्हतं.

"हा नवीन," निमिषने शेवटच्या स्क्रीनवर बोट ठेवलं. "शिकागोचा फोन! गेल्या आठवड्यापासून चालू आहे. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका साडीच्या दुकानाचे फॉलोअर्स दिलेत त्याला. म्हटलं, तिकडची कामं मिळाली तर जिजूंना भेटणंही होईल. वर लिहिलंय बघा, 'बॉथेलची नऊवारी, आता शिकागोतही'."

हिमानीच्या दातांतली पिन खाली पडली.

"काय झालं?"

"बॉथेल लिहिलंस?"

"हो, म्हणजे... आपलं गाव..."

"कुणाकुणाला फॉलो केलंय ते दाखव."

नावं सरकत गेली. दुकानाच्या गिऱ्हाइकणी, हसऱ्या मावश्या, कुणाची नातवंडं. एका फोटोवर हिमानीचं बोट थांबलं. निळी पैठणी, करारी बाई. शोभना.

"सासूबाई," ती मला म्हणाली. "चिंचोक्याची गाठ यांनीच शिकवली मला. त्या घरात कुणीही हे हात ओळखेल."

"अरे, मग तर मस्तच ना!" निमिष म्हणाला, आणि मग त्याला आमची तोंडं दिसली.

शोभनाबाईंनी उलट फॉलो केलं होतं. मेसेजही पाठवला होता, तीन दिवसांपूर्वी. 'घरी मुंज आहे. नेसवायला हवं. तुमचा पत्ता पाठवा.' त्याखाली फोनने आपणहून उत्तर दिलं होतं, 'धन्यवाद! लवकरच संपर्क करू.' पुढे हात जोडल्याचं चित्र.

"मेसेज सासूबाईंचाच असेल कदाचित," हिमानी हळूच म्हणाली. "त्यांनाच विचारते."

तिने लॅपटॉप मांडीवर ओढला. टाइप करताना चुकत होती, पुसत होती. 'गाठीत चिंचोक्याऐवजी नाणं चालेल का?'

"हे काय विचारलंस?"

"नाणं पिनेला लागून वाजतं. मंगळागौरीत मी नाणं बांधलं होतं, तर त्यांनी सगळ्यांदेखत सोडायला लावलं. नाणं म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. त्या असतील तर दोन शब्द सुनावल्याशिवाय राहणार नाहीत."

आम्ही तिघं त्या स्क्रीनकडे बघत बसलो. वर कुणाच्या तरी वॉशिंग मशीनचा घरघराट चालू होता.

उत्तर आलं. 'म्हणजे?'

मग दुसरं. 'चालेल. काहीही चालेल.'

आणि तिसरं. 'पत्ता नको आता. मिळाला.'

"त्या नाहीत. तो आहे," हिमानी म्हणाली.

निमिषने फाडकन लॅपटॉप मिटला. "कोण तो? ताई, कोण?"

"प्रोजेक्ट नाहीये, निमिष. कधीच नव्हता. मी पळून आलेय." ती हे बोलत असतानाच फोन लावत होती. "पेजवर मुंजीचे आभार कुणी लिहिलेत? लताकाकूंनी. त्याच्या जागी मी असते तर पत्ता त्यांनाच विचारला असता."

लताकाकू म्हणजे आमच्या मंडळाचा कारभार. फोन स्पीकरवर होता.

"अगंबाई, कळलं का तुला? माझ्या पोटात काही राहत नाही, पण मी नाही हो सांगितलं!"

"काय, काकू?"

"लबाड! इतकं गोड बोलतो तुझा नवरा. म्हणाला, काकू, प्रोजेक्ट संपला, तिला सरप्राइज द्यायचंय. दिला मी पत्ता. म्हटलं, रिकाम्या हाताने जाऊ नको हो, निदान फुलं ने."

"कधी येतोय म्हणाला?"

"येतोय काय, सकाळीच उतरलाय की! भाड्याची गाडी घेतो म्हणाला. अजून पोचला नाही?"

"नाही, काकू. ठेवते हं." सवयीने ती एवढं बोलली. मग दारामागची पिशवी उचलली. ती पिशवी तिथे नेहमीच भरलेली असायची, मला वाटायचं लाँड्रीची आहे.

"मी साडी बदलू?"

"नाही. गाडीची किल्ली घे. निमिष, तूही चल. इथे कुणी थांबायचं नाही."

मागच्या दाराने निघालो. पाऊस होता, अंगणात खडी होती. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि मी नऊवारीत, खरंच, पळाले. गाठ हलली नाही. कशाचा आवाज झाला नाही.

निमिष मागच्या सीटवरून पोलिसांशी बोलत होता, पत्ता दोनदा चुकीचा सांगत. हिमानीने कोर्टाचा आदेश पिशवीतून काढून छातीशी धरला होता. गल्लीच्या तोंडाशी समोरून एक पांढरी गाडी आली. फार हळू, घरांचे नंबर वाचत असल्यासारखी.

हिमानी सीटवरून खाली सरकली. "बघू नकोस त्याच्याकडे. सरळ चल."

मी बघितलं नाही. कडेने फक्त डॅशबोर्डवर ठेवलेला पिवळ्या फुलांचा गुच्छ दिसला. मोठा रस्ता लागला. मग खालूनच तिचा आवाज आला.

"निमिष, तो शिकागोचा फोन बंद केलास ना?"

"लॅपटॉप मिटला, ताई. पण ते फोन लॅपटॉपमध्ये नसतात. ते चालूच आहेत."